चटका न बसणारे हात

माझ्या हाताला चटका बसत नाही, हे मी आमच्या सगळ्या वाडीत मिरवत होते. मिरवत होते म्हणजे अगदी नाक वर करून. आज ते आठवलं की तोंड कुठे लपवू असं होतं. पण कुणाच्या अंगावर असाच एखादा चट्टा असेल, आणि ती बाई तो पदराखाली झाकून बसली असेल, तर तिनं माझ्यासारखी अक्कल गहाण टाकू नये, म्हणून हे लिहायला घेतलं. मला लिहायची सवय नाही. सातवीनंतर पेन हातात धरला तो वाण्याच्या यादीपुरता. तेव्हा जसं आठवेल तसं सांगते.

आमची वाडी पावसच्या अलीकडे. आमचे हे रत्नागिरीला एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होते. धाकटे दीर मुंबईला कंपनीत, ते गणपतीला नि शिमग्याला उगवायचे. सासू-सासरे गेलेले. एकुलती मुलगी लग्न होऊन खेडला नांदत होती. घरात मी आणि माझी धाकटी जाऊ शैला. तिच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. घरात मोठी मीच, आणि चूल माझी. हे मी उगाच सांगत नाही. बाईला घरात मान असतो तो चुलीपाशी, आणि माझा तर तिथेच होता, दुसरीकडे कुठेही नव्हता.

त्यातून माझी उकड. मोदकाची उकड गरम असतानाच मळावी लागते, गार झाली की पारी फाटते. बाकीच्या बायका पाण्यात हात बुडवणार, फुंकर घालणार, "आई आई गो" करणार, मग कुठे पिठाला हात लावणार. मी पातेलं परातीत उपडं केलं की तशीच हात घालायची. वाफा निघत असायच्या आणि मी आपली गप्पा मारत मळत बसलेली. पारी अशी व्हायची की आरपार दिसावं. गणपतीत दहा घरची बोलावणी. "वैनींना हाक मारा, उकड उतरवलीय." मग मी जाणार, आणि नव्या सुना डोळे मोठे करून बघत राहणार.

"तुम्हाला भाजत नाही हो?" असं कुणी विचारलं की मी म्हणायची, "स्वैपाक करून करून हात मेले गो माझे." सगळ्या हसायच्या. मीही हसायची.

खरं तर चार-पाच वर्षांमागे मलाही चटका बसत होता, मीही फुंकर घालत होते. तो बसायचा कधी थांबला ते मला सांगता येणार नाही. दुखणं सुरू झालेलं कळतं, दुखायचं बंद झालेलं कुणाला कळतं? मला वाटलं, सवय झाली.

शिबं

उजव्या हातावर, मनगटाच्या वर, एक चट्टा होता. कातडीपेक्षा जरा फिकट. खाजत नव्हता, दुखत नव्हता. त्यावरची लव गेली होती, तेवढंच. बाजारातल्या डॉक्टरांना दाखवला. त्यांनी टेबलापलीकडूनच बघितला, "शिबं आहे, घामानं होतं," म्हणाले आणि मलम दिलं. मी त्यांना नावं ठेवत नाही. मीच हात नीट पुढे केला नव्हता. बाईमाणसानं परक्या पुरुषापुढे बाही किती वर सरकवायची? बोटभर दाखवला आणि पदर ओढला. त्यांनी हात लावला नाही, मी लावू दिला नाही. मलम लावून लावून संपलं, चट्टा होता तिथेच होता. मग मी कोपरापर्यंत बाह्यांची पोलकी शिवून घेतली. झाकलं की मिटलं.

त्या वर्षी गणपतीत शेजारच्या आत्यांकडे उकड मळायला बसले होते. पितळी पातेलं चुलीवरून नुकतं उतरवलेलं. एका हातानं पातेलं धरून मी दुसऱ्या हातानं उलथनं घेतलं आणि आत्यांशी त्यांच्या सुनेबद्दल काहीतरी बोलत बसले. शैला माझ्या बाजूला होती. ती एकदम किंचाळली, "वैनी, हात! हात काढा!"

मी बघितलं तर तळव्याची कड पातेल्याच्या काठाला चिकटली होती. वास सगळ्यांना आला, मलासुद्धा आला. मला वाटलं, खोबरं करपलं. हात ओढून काढला तर कातडी काठालाच राहिली. बायका "अगो बाय, अगो बाय" करायला लागल्या आणि मी काय केलं? हसले. "काही नाही गो, मला कुठे लागतंय," म्हटलं. सोवळ्याच्या उकडीला माझी कातडी लागलेली, आणि मी हसत होते. हे लिहितानासुद्धा कानशिलं तापतात माझी.

"झालं माझं"

जखम भरेना. हळद बांधली, तेल लावलं, पाला वाटून लावला. पितृपक्ष गेला, दसरा झाला, तरी ओलच. शेवटी हे म्हणाले, "आता मुकाट्यानं चल, नाहीतर हात कापायची वेळ येईल." मी म्हटलं, "दुखत नाही तर कापतील कशाला?" माझं ज्ञान एवढं!

रत्नागिरीच्या सरकारी इस्पितळात पट्ट्या बांधायच्या खोलीत मला बसवलं. माझ्या आधी एक गडी माणूस होता, पायाची पट्टी सोडवताना तो रडकुंडीला आला. माझी पाळी आली. पट्टी चिकटलेली, ती ओढून काढली. मी खिडकीबाहेर बघत होते. दारातून एक डॉक्टरीण जात होत्या, त्या थांबल्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या असतील. बोलणं घाटावरचं.

"मावशी, दुखलं नाही तुम्हाला?"

आणि इथे मी जे बोलले ते मला मरेपर्यंत विसरता येणार नाही. मी म्हटलं, "छे हो! मला नाही दुखत. आमच्या वाडीत कुणालाही विचारा. उकळती उकड मी अश्शी मळते, अश्शी." आणि दोन्ही हातांनी मळून दाखवलं. वर म्हटलं, "तुमच्या शहरातल्या पोरींना नाही जमायचं ते."

त्या हसल्या नाहीत. खोलीतल्या बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं, माझ्यासमोर स्टूल ओढून बसल्या. "बाही वर करा बघू. आणखी वर." मी आढेवेढे घेतले, तर स्वतःच हळूच सरकवली. चट्ट्याकडे बघत राहिल्या. मग माझा हात वाकवून कोपराच्या आतल्या बाजूला बोटांनी चाचपत गेल्या. तिथे एक शीर दोरीसारखी टणक लागत होती, ती त्यांनी मलाही चाचपायला लावली. दुसऱ्या कोपरालाही होती, जरा बारीक. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट ताठ करायला सांगितलं. ती दोन्ही जराशी आत वळलेलीच राहिली. ती कधीपासून वळली होती देव जाणे. माझीच बोटं, माझ्याच डोळ्यांसमोर.

मग म्हणाल्या, "आता डोळे मिटायचे. मी कापसानं हातावर हलकं शिवणार. जिथे शिवेन तिथे दुसऱ्या हाताचं बोट ठेवून दाखवायचं. जमेल ना?"

"न जमायला काय झालं," म्हटलं आणि डोळे मिटून बसले.

दंडाला शिवल्या, मी बोट ठेवलं. खांद्याला शिवल्या, ठेवलं. गालाला, ठेवलं. मग थांबल्या. मी वाट बघत बसले. बाहेर कुणीतरी खोकत होतं. मला वाटलं, कुणी बोलावलं असेल त्यांना. बराच वेळ गेला तशी मी डोळे मिटूनच म्हटलं, "बाई, सुरू केलंत की सांगा हो."

"डोळे उघडा मावशी," त्या म्हणाल्या. "झालं माझं."

कापूस माझ्या तळव्यावर होता.

मी हाताकडे बघितलं. कुणा दुसरीचाच हात असावा तसा तो माझ्या मांडीवर पडला होता. त्या सांगत होत्या की चट्ट्यावर, दोन्ही तळव्यांवर, करंगळीवर पुन्हापुन्हा शिवून झालं. मी एकदाही बोट उचललं नव्हतं.

"मावशी, हा कुष्ठरोग आहे," त्या म्हणाल्या.

मला समजलं होतं. तरी विचारलं, "म्हणजे काय?"

"लोक महारोग म्हणतात ना, तोच. पण आता त्याला—"

त्या 'पण'च्या पुढचं काही माझ्या कानात शिरलं नाही. मी त्यांच्यावर उखडले. "तुम्ही अजून लहान आहात. शिकताय. मोठ्या डॉक्टरांना बोलवा. आमच्यात असलं नसतं कुणाला. आमचं घर स्वच्छ आहे, मी रोज डोक्यावरून अंघोळ करते." काय नाही बोलले! त्या बिचाऱ्या उठून गेल्या नाहीत. काचेच्या दोन नळ्या आणल्या, एकीत गरम पाणी, दुसरीत गार. पुन्हा डोळे मिटवले. "ही गरम की गार?" मी अंदाजानं ठोकून दिलं, "गार." पुन्हा, "ही?" "ही गरम." डोळे उघडले तर दोन्ही वेळा उलटं. पोरीसारखी फसवाफसवी केली नि तीसुद्धा धड जमली नाही.

मग कानाच्या पाळीला बारीकसा ओरखडा काढून काचेवर काहीतरी घेतलं. तिथे मात्र कळ आली, आणि कळ आली म्हणून मी ढसाढसा रडले.

हातचं

परतीच्या एस.टी.त मी हात पदरात गुंडाळून बसले होते. बाजूला बसलेल्या बाईचं पोर माझ्या मांडीवर झोपायला बघत होतं, मी त्याला लोटलं. तिला राग आला. मला वाटत होतं, या हातानं किती जणांना खाऊ घातलं असेल? लग्नात, बारशाला, श्राद्धाला. प्रत्येक तोंड डोळ्यांसमोर येत होतं. आणि त्याच्या मागोमाग एकच विचार, उद्यापासून माझ्या हातचं कोण खाईल?

डॉक्टरीणबाईंनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. औषध सुरू झालं की माझ्यापासून कुणाला धोका नाही, ही एक. घरातल्या सगळ्यांना तपासायला आणायचं, ही दुसरी. पहिलीवर माझा विश्वास बसला नाही आणि दुसरीनं माझी झोप गेली. लपवायची सोयच ठेवली नव्हती.

ह्यांना सांगितलं. हे ओसरीवर बसून नखांतलं ग्रीस काढत होते. मी बोलले तरी नखं कोरणं थांबेना. शेवटी म्हणाले, "खेडला कळता कामा नये. पोरीला परत पाठवतील."

"नाही कळवणार," मी म्हटलं.

त्या दिवशी ह्यांनी आपलं अंथरूण पडवीत नेलं. "आत उकाडा होतोय," म्हणाले. दिवस कार्तिकाचे. सकाळी गोधडी पांघरून कुडकुडत होते, तरी म्हणे उकाडा! बोलायला तोंड कुठे होतं मला?

शैलाला तपासायला न्यायचं तर काहीतरी सांगायला हवं. तिला नुकते दिवस गेले होते. मी तिला खरं ते सांगितलं. तिनं आधी माझ्या हाताकडे बघितलं, मग आपल्या पोटावर हात ठेवला. इस्पितळात तिला तपासलं, ह्यांना तपासलं. दोघंही चोख निघाले. शैलानं डॉक्टरीणबाईंना तीन-तीनदा विचारलं, "माझ्या बाळाला काही होणार नाही ना?" त्या नाही म्हणाल्या. घरी आल्यावर तिनं माझं ताट, तांब्या, वाटी वेगळी काढली आणि मागच्या दारी फळीवर ठेवली. चुलीपुढे ती बसली. मी आत गेले तशी म्हणाली, "वैनी, रागावू नका हं. पोटातल्यासाठी करते."

"मी कशाला रागावू? बरोबरच आहे तुझं," मी म्हटलं. तिच्या जागी मी असते तर याहून जास्त केलं असतं. मागच्या दारी जाऊन माडाच्या बुंध्याशी बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले. राग तिचा नव्हता. लाज वाटत होती. आपल्याच घरात आपल्याला कुणी वाढायचं, आणि आपण ते लांब बसून घ्यायचं.

औषधाचा दिवस

महिन्यातून एकदा इस्पितळात जायचं, तिथे समोर बसवून गोळ्या गिळायला लावत. बाकीच्या रोज घरी. एका गोळीनं लघवी लाल व्हायची, पहिल्या वेळी मी समजले की आता काही खरं नाही. दुसरीनं कातडी काळी पडत गेली. "काय गो, काळवंडलीस केवढी?" आत्यांनी विचारलं. "पित्त," मी म्हटलं. वर्षभर मी सगळ्यांना पित्तच सांगितलं. एवढं पित्त कोकणात कुणाला झालं नसेल.

पहिल्या औषधाच्या दिवशी हे माझ्याबरोबर आले ते रस्त्याच्या पलीकडे पानाच्या गादीपाशी उभे राहिले, आपण या बाईला ओळखतच नाही अशा थाटात. मला त्यांचा राग नाही आला, मीही पदर नाकापर्यंत ओढूनच आत गेले होते. पुढच्या खेपेला हे फाटकापर्यंत आले. त्याच्या पुढच्या खेपेला व्हरांड्यात. मग एकदा बाकावर माझ्या शेजारी येऊन बसले, आणि पलीकडच्या म्हाताऱ्याशी गाडीच्या क्लचबद्दल बोलत सुटले. त्या म्हाताऱ्याची बोटं झडलेली होती. निघताना ह्यांनी त्याला तंबाखू मळून दिली. घरी आल्यावर ह्यांचं अंथरूण पुन्हा आत आलं. पावसाळ्याचे दिवस, खरा उकाडा तेव्हाच होता. मी हसले नाही, पण जीव थोडा थाऱ्यावर आला.

डॉक्टरीणबाई दर वेळी माझे हात उलटेपालटे करून बघायच्या. रोज पाण्यात भिजवून तेल लावायचं, पातेलं फडक्यानंच धरायचं, निजण्याआधी कुठे भाजलं-कापलं का ते बघायचं. "मावशी, हातावर विसंबायचं नाही, डोळ्यांनी बघून काम करायचं," त्या सांगायच्या. आजार जाईल, पण गेलेली जाणीव बहुतेक परत यायची नाही, हेही त्यांनी खोटं न बोलता सांगितलं. मी घरी फडकं घेऊन पातेलं धरायला बघायची, तर शैला आधीच उचलायची.

वाडीला अजून नक्की काही कळलं नव्हतं. पण पुढच्या गणपतीत आत्या स्वतःच म्हणाल्या, "यंदा उकडीचं आम्हीच बघू हां. तू दमतेस." मी बरं म्हटलं. त्यांची नजर माझ्या हातावरून सरकून दुसरीकडे गेली, त्यावरून समजायचं ते मी समजले.

आता तारखा मागेपुढे होताहेत, कारण ह्याच्या आधीच शैलाच्या माहेरचं प्रकरण झालं होतं. तिचं माहेर केळशीचं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. सातव्या महिन्यात तिचा भाऊ ओटीचं सामान घेऊन तिला न्यायला आला. त्यानं मागच्या दारची वेगळी भांडी बघितली आणि बहिणीला विचारलं. तिला खोटं बोलता येत नाही. तिनं सांगितलं. भावानं हातातला पाण्याचा तांब्या तसाच खाली ठेवला. "आईशी बोलून येतो," म्हणाला आणि एकटाच परत गेला. चार दिवसांनी त्या बाजूनं येणाऱ्या एका कंडक्टरकडून ह्यांना डेपोत निरोप मिळाला, आमच्याकडे लग्नाची मुलगी आहे, शैलाचं बाळंतपण तिकडेच उरका.

शैला स्वैपाकघरात पाटावर बसून रडत होती. मी उंबऱ्याबाहेर उभी होते. आत जायचं धाडस होईना. माझं ताट तिनं वेगळं केलं होतं, आणि माझ्यामुळे तिला तिच्या आईनं वेगळं केलं. सगळ्या आजारपणात मला एवढी शरम कधी वाटली नाही. रोग माझ्या हातात होता आणि शिक्षा त्या पोरीला.

पुढच्या औषधाच्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "असल्या लोकांसाठी संस्था असतात ना हो कुठे? मला पाठवा तिथे. घरचे सुटतील तरी एकदाचे."

त्या माझ्यावर चक्क ओरडल्या. "मावशी, रोग तुम्हाला सोडून चाललाय, आणि तुम्ही घर सोडून कुठे निघालात?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्या मुलीला तुमची गरज लागेल. बघा तुम्ही."

मी मनात म्हटलं, हिला काय माहीत आमच्या घरचं.

पाणी

शैला रत्नागिरीच्या इस्पितळातच बाळंत झाली. मुलगी झाली. दीर मुंबईहून धावत आले, दोन दिवस राहिले, रजा संपली म्हणून गेले. बाळ-बाळंतीण घरी आल्या. बाळाला न्हाऊमाखू घालायला पलीकडच्या वाडीतली बाई येते म्हणाली होती, ती आली नाही. हे विचारायला गेले तर म्हणाली, "माझी सून नको म्हणते." बस्स. आत्यांनीही गुडघे दुखतात म्हणून सांगितलं.

मी पडवीत असायची. शैलाचं सगळं बाहेरून करायची. लाकडं फोडायची, पाणी तापवायची, तिच्या खोलीच्या दाराशी ठेवून मागे सरायची. बाळाचं तोंड मी लांबूनच बघितलं होतं. शैला टाके सांभाळत, भिंतीला धरून कशीबशी पोरीला पुसून काढायची.

एका सकाळी हे कामावर गेले होते. मी न्हाणीघरात तापलेलं पाणी ओतून बाहेर आले. आतून बाळाचं रडणं, आणि मध्येच शैलाचं कण्हणं. मग हाक आली, "वैनी! या हो आत."

मी दारात गेले. शैला मोरीच्या कठड्याला धरून उभी होती, घामानं डबडबलेली. बाळ तिच्या दुसऱ्या हातात, उघडंनागडं. "मला वाकता येत नाही," ती म्हणाली. "टाके ओढतायत. तुम्ही न्हाऊ घाला हिला."

"मी?" मी म्हटलं.

"मग आणखी कोण आहे घरात?" ती चिडून म्हणाली, आणि रडायला लागली. "घ्या ना वैनी. निसटेल माझ्या हातून."

मी पाटावर बसले, पाय लांब केले, आणि तिनं पोर माझ्या नडग्यांवर पालथं ठेवलं. इतकंसं ते. माझ्या पायांना त्याची ऊब लागत होती. पायांनी मला दगा दिला नव्हता. डॉक्टरीणबाई सोडल्या तर कित्येक महिन्यांत माणसाचं अंग माझ्या अंगाला लागलं नव्हतं. मुठी वळून ते पोर माझ्या पायांवर वळवळत होतं, आणि मला वाटलं, आता काही झालं तरी हिला कुणाला द्यायचं नाही.

मी घंगाळात तांब्या बुडवला. पाण्यावर वाफ दिसत होती. पण तापल्या पाण्यावर वाफ असणारच. किती तापलंय ते हातानं बघायचं असतं. मी हात बुडवला. मला ओलं दिसलं. बाकी काही नाही.

तांब्या भरून मी पोरीच्या पाठीवर धरला होता. ओतायचा बाकी होता. खरं सांगते, एक क्षण मी विचार केला की बरोबरच असेल, रोज मीच तापवते. कारण मी तोंड उघडलं असतं तर शैलाला आठवण झाली असती, आपण पोर कुणाच्या हातात दिलंय याची. तिनं ते उचलून घेतलं असतं, आणि पुन्हा कधी दिलं नसतं. वाडीत पित्त, आत्यांकडे पित्त. डॉक्टरीणबाईंपुढेसुद्धा मी आधी खोटंच बोलले होते. माझा हात मेलाय, हे मी माझ्या तोंडानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. थट्टेत सांगितलं होतं तेवढंच.

मी तांब्या खाली ठेवला.

"शैले," मी म्हटलं, "पाणी तू बघ. माझ्या हाताला कळत नाही."

मी मान वर केली नाही. दोन्ही हात पोरीच्या अंगावर होते, पोर उचलून घ्यायला शैला वाकेल म्हणून वाट बघत होते.

ती वाकली. भिंतीला धरून, "आई गं" करत, हळूहळू माझ्यासमोर ओल्या फरशीवर बसली. घंगाळात हात घातला आणि झटक्यानं बाहेर काढला. "अगो बाय! कढत आहे किती!" तिची बोटं लाल झाली होती.

तांब्या भरलेला तसाच बाजूला होता.

शैलानं तो मोरीत ओतला. बादलीतलं गार पाणी घेऊन घंगाळात विसण घातलं, हात फिरवला, आणखी घातलं, कोपर बुडवून बघितलं. मग तांब्या भरून माझ्या हातात दिला.

"आता घाला," ती म्हणाली.

मी घातलं. पोरीनं भोकाड पसरलं आणि माझा हात जागच्या जागी थांबला. "तापलं काय गो?" मी विचारलं.

"नाही हो वैनी. सगळीच पोरं रडतात," शैला म्हणाली. "घाला तुम्ही. मी बघते आहे पाण्याकडे."